जोडा अलानाचा, चाल दुसऱ्याची

लाणावांढीत, म्हणजे आमच्या गुराख्यांच्या वस्तीत, म्हशी रात्री चरायला जातात आणि पहाटे आपल्या आपण घरी येतात. कुणी राखायला जात नाही, कुणी आणायला जात नाही. त्यामुळे बुधवारी पहाटे हाजी जुसबच्या सात म्हशी आल्या नाहीत तेव्हा बायामाणसं आधी नुसती दाराशी उभी राहिली. धारेची वेळ टळली. हाजीची बायको तलावाच्या पाळीवर जाऊन एकेकीचं नाव घेऊन हाका मारून आली. आमच्याकडची म्हैस स्वतःचं नाव ऐकलं की अर्ध्या कोसावरून मान वर करते. त्या दिवशी एकही मान वर झाली नाही, आणि मग सगळ्यांच्या तोंडी एकच आलं, पगीला बोलवा.

पगी म्हणजे पाऊल वाचणारा. वांढीचा पगी खमीसा. चोर एकटा होता की दोघे, उपाशी होता की जेवलेला, हे तो मातीकडे बघून सांगायचा. पण वर्षभरापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि आता त्याचे डोळे म्हणजे त्याची नात जेना. वय बारा, अंगाने काडी आणि जिभेने कात्री. डाडाने, म्हणजे आजोबांनी, तिला चार वर्षांची असल्यापासून धुळीत बसवून शिकवलं होतं, त्यामुळे शिक्षणात खोट नव्हती. खोट होती ती तिच्या तोऱ्यात. दोन महिन्यांपूर्वी हरवलेली शेळी शोधायला तिला अर्धा दिवस लागला, तेव्हा हाजीचा मुलगा इशाक सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आंधळा पगी आणि वर ही चिमुरडी. यांच्यापेक्षा शेळीलाच पत्ता विचारला असता." लोक हसले होते. ते हसू जेनाच्या मनातून गेलं नव्हतं.

तर त्या बुधवारी पाळीखालच्या ओल्या मातीत जेना उकिडवी बसली. भोवती वांढीतले चाळीसेक पुरुष. म्हशींच्या खुरांनी सगळा चिखल कालवलेला, पण कडेला माणसाची चारपाच पावलं स्वच्छ उमटली होती. डाव्या टाचेला तीन खिळे, मधला वाकडा. तो जोडा वांढीतल्या शेंबड्या पोरानेही ओळखला असता. तो अलानाचा.

अलाना वांढीचा घरजावई. हवाबाईशी लग्न करून इथेच राहिला, मावा आटवायची भट्टी टाकली आणि गावाने केलेली सगळी थट्टा हसत गिळली. भट्टीपाशी तो अनवाणी काम करायचा, जोडा बाहेर कुंपणाशी काढलेला असायचा. गावच्या लेकीला फुई म्हणायचं, तिच्या नवऱ्याला फुवा, म्हणून जेनाचा तो अलानाफुवा. कढई खरवडली की पहिला घास तो जेनालाच हाक मारून द्यायचा.

"जोडा नको बघू," मागून डाडा काठी टेकत म्हणाला, "चाल बघ."

जेनाने चाल बघितली. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. अलाना उंटावरून पडल्यापासून उजवा पाय ओढत चालायचा, त्याच्या पावलामागे मातीत रेघ उठायची. इथे रेघ नव्हती. हा माणूस ढांगा टाकत, पंजे बाहेर फेकत गेला होता. हे तिला दिसलं, कळलंही. तेवढ्यात इशाक शेजारच्याला म्हणाला, "बसा आता दुपारपर्यंत."

"अलानाफुव्याचं पाऊल आहे," जेना म्हणाली.

पगी नाव एकदाच घेतो. घेतलेलं नाव मागे घेणाऱ्या पगीच्या दारात पुन्हा कुणी जात नाही, ही आमच्याकडची रीत. तिच्या तोंडून नाव सुटलं, आणि आता ते मागे घेता येणार नव्हतं. पण चाळीस माणसं आता हसत नव्हती, तिच्याकडे मानाने बघत होती, आणि ते तिला हवं होतं.

अलानाला बोलावलं. तो हात पुसत आला. जोडा ठशात बरोबर बसला.

"जोडा माझाच आहे, हाजीबापा," तो म्हणाला. "पण मी रात्रभर भट्टीपाशी होतो."

"तू म्हणतोस. पगी वेगळं म्हणतोय."

अलानाने जेनाकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "पोर म्हणतेय," तो हळू म्हणाला. "मग मी काय बोलू."

हवाबाई कडेवरचं मूल सावरत पुढे आली. "जेना बेटा, परत एकदा बघ गं. घाई नको करू."

"बघितलं," जेना म्हणाली आणि मान खाली घातली.

हाजीने निकाल दिला. शुक्रवारच्या नमाजापर्यंत म्हशी परत आण, नाहीतर बायकोमुलासकट वांढ सोड. गावचा जमाई म्हणून पोलिसांत देत नाही, हे उपकार समज. रिवाजाप्रमाणे ठशावर घमेलं पालथं घातलं गेलं आणि लोक आपापल्या कामाला लागले. चोर सापडलाच होता, मग आणखी माग काढायला कोण जातो.

संध्याकाळी रोटला मोडता मोडता डाडाने विचारलं, "चाल बघितली होतीस ना?"

"बघितली."

"अलानाचीच?"

"हो, डाडा."

ज्या म्हाताऱ्याने तिच्या डोळ्यांवर आपलं सगळं नाव टाकलं होतं, त्याच्या आंधळेपणाचा फायदा घेऊन ती खोटं बोलली होती. जेनाने रोटला तसाच खाली ठेवला. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेबरोबर भीतीही, की आता हे कुणाला कळलं तर. अलानाच्या घरातून भांडी बांधल्याचा आवाज येत होता.

गुरुवारी सकाळी ती सरपणाचं निमित्त करून निघाली. आधी पाळीखाली जाऊन घमेलं उचललं. रेघ अजूनही नव्हती. रात्रभर तिने वेडी आशा केली होती की आपण नीट बघितलं नसेल, ती गेली. मग तिने जे बुधवारी करायला हवं होतं ते केलं. जोडा विसरली आणि चाल शोधायला लागली. अलानाच्या कुंपणापाशी तीच ढांग, तेच बाहेर फेकलेले पंजे. तिथे चोराने जोडा परत ठेवला होता आणि तिथून पुढे टायरच्या चपला. वांढीबाहेर त्यांच्या सोबतीला हाजीच्या चांदल म्हशीचा चिरलेला पुढचा खूर. दुपारपर्यंत माग वेड्या बाभळीच्या रानात शिरला.

वेड्या बाभळीचं रान म्हणजे काट्यांची गादी. चपलेचा तळ जाड नसेल तर तिथे मांजरही जात नाही. जेना गुरांच्या वाटेने वाकून आत गेली, आणि घंटेचा आवाज येत नसूनही म्हशींचा वास आला. मोकळ्या जागेत साती म्हशी बांधल्या होत्या. चांदलच्या गळ्यातल्या घंटेत फडकं कोंबलेलं. शेजारी एक लठ्ठ माणूस कांदा आणि रोटला खात होता, आणि दुसरा...

तो कासम होता, गुरांचा दलाल. आठच दिवसांपूर्वी तो वांढीत चहाला बसला होता. बशी फुंकत त्याने तिला विचारलं होतं, "पगीची नात ना तू? मग मला सांग, कुणाकुणाची पावलं ओळखतेस?" आणि ही शहाणी फुशारून म्हणाली होती, "सगळ्यांची. अलानाफुव्याचा जोडा तर डोळे मिटून ओळखेन. डाव्या टाचेला तीन खिळे, मधला वाकडा." कासम हसला होता, "वा, वा" म्हणाला होता. चोराच्या हातात चावी तिनेच नेऊन दिली होती. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

जमीन दुभंगली नाही. उलट लठ्ठ माणसाने वर बघितलं.

"ए कासमभा, पोर," तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला.

पळायला वाट नव्हती. कासमने तिचा दंड धरून पुढे ओढलं. "ही पोर नाही, सिधीक, ही पगीची नात आहे. कोण आलंय बरोबर?"

"कुणी नाही."

"मग हिला बांध. टेम्पो संध्याकाळी रस्त्यावर येईल, तोवर राहू दे पडलेली."

जेनाला रडू येत होतं, पण तिचं डोकं नेहमीसारखंच जिभेच्या पुढे धावत होतं. तिने दंड झटकला.

"बांधा. आणि मग पकडले जा. तुमची पावलं बघत मी सकाळपासून इथपर्यंत आले. मी बारा वर्षांची आहे. उद्या म्हशी मिळाल्या नाहीत की शेजारच्या वांढीतला पगी आणतील. तो तुमच्या टेम्पोपर्यंत येईल आणि टेम्पोच्या चाकावरून तुमच्या घरापर्यंत."

"मग तू इथे कशाला आलीस? आम्हाला सावध करायला?" कासम हसला.

"हो," जेना म्हणाली. "मी अलानाचं नाव घेतलंय. चाळीस माणसांसमोर. तुम्ही पकडले गेलात तर माझा शब्द खोटा पडतो आणि माझ्या डाडाच्या दारात कुणी कुत्रंसुद्धा येणार नाही. तुम्ही सुखरूप निघून जावं ही तुमच्यापेक्षा मला गरज आहे."

ही थाप होती. पण बोलता बोलता जेनाला कळलं की ती पुरती थाप नव्हती. कालपासून मनाच्या तळाशी हेच तर बसलं होतं, की म्हशी कधीच सापडू नयेत, म्हणजे खरं काय ते कधीच कळणार नाही. तिचं तोंड कानापर्यंत लाल झालं. कासमने ते लाल तोंड बघितलं आणि त्याचा तिच्यावर विश्वास बसला.

"तू आमच्यातलीच निघालीस की," तो खूश होऊन म्हणाला. एवढी घाण शिवी जेनाने आयुष्यात ऐकली नव्हती.

"कुठल्याही पगीला एकच पाऊल वाचता येत नाही," ती पुढे म्हणाली. "तरटात गवत भरून पायाला बांधलेलं. ना टाच, ना पंजा, ना वजन. तरट आहे?"

तरटं होती, पेंडीची. सिधीकने कुरकुर केली, "कासमभा, मला गुदगुल्या होतात," पण कासमने त्याला दटावून खाली बसवलं. दोघांनी चपला काढल्या. जेनाने पोत्यांत मूठमूठ गवत भरलं, पाय आत घातले आणि घोट्याला दाव्याने बांधलं. म्हशीला बांधायची गाठ आमच्याकडे अशी मारतात की हिसका द्याल तेवढी ती आवळते. मग तिने घागरीतलं पाणी गाठींवर ओतलं.

"हे कशाला?"

"ओल्या गाठीला धूळ बसते, मग ती सुटत नाही."

यात काडीचंही खोटं नव्हतं. सिधीकने चार पावलं टाकून बघितली आणि तो ढिल्या गादीसारखा डुलला.

"चपला हातात नका घेऊ," जेना म्हणाली. "म्हशी हाकायला हात मोकळे पाहिजेत. आणा इकडे, चांदलच्या गळ्यात बांधते."

कासमने स्वतःच्या हाताने चपला दिल्या. जेनाने त्या चांदलच्या गळ्यात बांधल्या, आणि तिथेच हात असताना घंटेतलं फडकं उपटलं. म्हशी रानाबाहेर रस्त्यापर्यंत न्यायच्या होत्या, आणि दावी सोडायला त्यांनी तिलाच पुढे होऊ दिलं, कारण वाकलं की दोघेही तोंडावर पडत होते. शेवटचं दावं सुटलं तशी ती चांदलच्या पाठीवर चढली आणि हाजीची बायको पहाटे मारते तशी गळा ताणून हाक मारली. "चल गं चांदल! मोरल! लाखल! गोरल! घरी चला गं!"

दोन दिवस न पिळलेल्या, कास फुटायला आलेल्या सात म्हशी. त्यांना हाकायची गरज नव्हती, नुसतं नाव घ्यायची होती. काटे मोडत त्या अशा सुटल्या की जेनाने शिंगं घट्ट धरली आणि डोकं खाली घातलं. मागे सिधीक दुसऱ्याच ढांगेला आडवा झाला. कासम चार पावलं धावला, पोत्यात पोतं अडकलं आणि बाभळीत गेला. सुरीने त्यांनी गाठी कापल्या असतील, पण कापून करणार काय? पाय उघडे आणि कोसभर काटे.

पडल्या जागेवरून कासम ओरडला, "ए पोरी, म्हशी घरी गेल्या तर तुझ्या डाडाचं नाव जाईल! अक्कल आहे का तुला?"

जेनाला ते ऐकू आलं. तिने चांदलला थांबवलं नाही.

घंटा ऐकून वांढ बाहेर आली. पुढे चांदल, तिच्या गळ्यात घंटा आणि चार चपला, पाठीवर ओरबाडलेली जेना. तिने जागा सांगितली, इशाक आणि आणखी पाचजण उंट घेऊन गेले आणि तासाभरात दोघांना उंटावर लादून घेऊन आले, कारण त्यांना चालता येत नव्हतं. सिधीक काटे काढून घेताना इतका किंचाळत होता की पोरांना नवं खेळणं मिळालं. पोत्यांची हकीकत कळली तेव्हा हाजी जुसबसारखा गंभीर माणूस पोट धरून हसला.

"काय डोकं आहे पोरीचं," हाजी म्हणाला. "आता कळलं मला. हिने अलानाचं नाव मुद्दाम घेतलं. चोरांना वाटलं, चला, बला टळली, आणि ते गाफील राहिले. काय रे इशाक?"

"मला आधीच वाटलं होतं," इशाक म्हणाला. त्याला काहीही वाटलं नव्हतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. गोष्ट छान जुळत होती. त्यात कुणाचीच चूक नव्हती, ना जेनाची, ना एका गरीब माणसाला चोर ठरवून मोकळ्या झालेल्या चाळीसजणांची. जेनाने नुसतं गप्प राहायचं होतं.

अलानाच्या दारात उंट बसवलेला होता. त्यावर कढई, गोधड्या, पाळणा बांधून झाला होता. अलाना दोर हातात धरून इकडेच बघत होता, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

"मुद्दाम नाही," जेना म्हणाली.

"काय?"

"मी मुद्दाम नाव घेतलं नाही, हाजीबापा. मी चाल बघितली होती. अलानाफुव्याची नव्हती, मला तिथेच कळलं होतं. तरी मी नाव घेतलं. उशीर झाला तर तुम्ही हसाल म्हणून. आणि जोड्याची खूण कासमला मीच सांगितली होती, फुशारकी मारत. डाडाशीही खोटं बोलले." तिचा आवाज चिरकला, पण तिने वाक्य पुरं केलं. "मी नाव मागे घेते."

डोलणाऱ्या माना थांबल्या. मग हाजी घाईघाईने म्हणाला, "पोर दमलीय. उन्हाची फिरलीय, काहीबाही बोलतेय. हिला ताक द्या कुणीतरी."

"ती शुद्धीवर आहे," डाडा म्हणाला. तो काठीचा आवाज न करता कधी मागे येऊन उभा राहिला होता, कुणाला कळलं नव्हतं. "पगीने नाव मागे घेतलंय. मी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत. आता पाऊल दाखवायला आमच्या दारात येऊ नका." त्याचा चेहरा दगडासारखा होता. जेनाने त्याचा हात धरायला हात पुढे केला, पण त्याला तो दिसला नाही, किंवा त्याने बघितला नाही.

"बरं बरं, ते नंतर बघू," हाजी म्हणाला. "आधी चहा ठेवा. साखर जास्त घाला."

लोक सुटल्यासारखे हलले. जेना अलानाच्या दाराशी गेली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं होतं.

"तुला कळलं होतं?" त्याने विचारलं.

जेनाने होकारार्थी मान हलवली.

"मी दोन दिवस हिची समजूत घालत होतो," तो हवाबाईकडे बघत म्हणाला. "की पोर लहान आहे, चुकली. नजर चुकते माणसाची. तिला बिचारीला काय माहीत." तो जेनाकडे वळला. "चुकली नव्हतीस म्हणजे."

अलानाने दोर सोडायला घेतला. तो जाणार नव्हता, जायचं कारण उरलं नव्हतं. हवाबाई सामान उतरवू लागली. जेनाने पुढे होऊन उंटावरचं एक गोधड्यांचं गाठोडं छातीशी धरलं, तेव्हा हवाबाईने ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

"राहू दे, आम्ही उतरवतो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण बेटाही म्हणाली नाही. "तू जा. तुला तिकडे बोलावतायत."

तिकडे खरंच बोलावत होते. हाजीच्या अंगणात चहा झाला होता, पोरांना पोत्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकायची होती, आणि इशाक सगळ्यांत मोठ्याने तिच्या नावाने हाका मारत होता.